आवराआवर

"आवरलं का?" थोरल्याने जिन्याखालून पुन्हा एकदा विचारलं, आणि वरून पुन्हा तेच उत्तर आलं.

"आवरतेय."

ह्या घरात 'आवरतेय' म्हणजे वहिनी अजून चहाचा कप हातात धरून खिडकीशी बसलेली आहे आणि उठायचा विचार तिच्या मनाला शिवलेलाही नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण थोरल्याला हा अर्थ काही उमगला नव्हता. तो बिचारा दर वेळी गाडीचं इंजिन सुरू करून बसायचा.

मधला केव्हाच आवरून व्हॅनला टेकून उभा होता. लोकांची वाट बघणं हा त्याचा जोडधंदा होता. मुख्य धंदा चष्म्यांचा. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यांपुढे एक भिंग धरायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, "हे बरं, की हे बरं?" आयुष्यभर दुसऱ्यांना हा प्रश्न विचारल्यामुळे असेल, पण त्याला स्वतःला कोणी तो विचारला की तो हसून म्हणायचा, "दोन्ही ठीकच आहेत." घरात त्यामुळे तो सगळ्यांचा लाडका होता आणि त्याचं मत काय हे कोणालाच माहीत नव्हतं.

धाकटी येऊन मागच्या सीटवर बसलीसुद्धा. ती दातांची डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं असताना आपणच बोलायचं ही दवाखान्यातली सवय ती बाहेरही सोडत नसे.

"रिकामी खोकी घेतलीत ना? आणि दोऱ्या? आत्याची झुलती खुर्ची माझी, हे पुन्हा सांगून ठेवते. मागाहून कुरकुर नको."

"ठरलंय ते बैठकीत," थोरला म्हणाला.

थोरल्याने नोकरीत जन्मभर बैठका घेतल्या होत्या. निवृत्तीनंतर बैठक घ्यायला माणसं उरली ती घरचीच. दोन महिन्यांपूर्वी आत्या घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून ती परगावच्या रुग्णालयात व्यायाम करत होती आणि इकडे थोरला बैठका घेत होता. गेल्या आठवड्यात आत्याचा फोन त्यालाच आला. तिचं बोलणं त्याने सगळ्यांना जसंच्या तसं सांगितलं. ही त्याची खासियत. शब्द तो कधी बदलत नसे, अर्थ तेवढा आपला घालायचा.

आत्या म्हणाली होती, "रविवारपर्यंत घर आवरून टाका रे. मला आता वाकवत नाही."

"संपलं," थोरल्याने बैठकीत जाहीर केलं. "तिनेच सांगितलं. दिवससुद्धा तिनेच ठरवून दिला. मोठ्या मनाची बाई."

सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मभर एकटी राहिलेली, शहरातली अर्धीअधिक माणसं जिच्या हाताखाली गाडी शिकली अशी आत्या आपणहून घर मोडायला निघाली, ह्याचं सगळ्यांना फार कौतुक वाटलं. तिला पुन्हा फोन करून खात्री करून घ्यावी, असं मधल्याच्या तोंडावर आलं होतं. पण थोरला म्हणाला, "पुन्हा विचारून तिला दुःख कशाला द्यायचं?" आणि हे इतकं समजूतदारपणाचं होतं की कोणी पुढे बोललंच नाही. घर भाड्याचं होतं. रविवारी संध्याकाळी किल्ली देतो, असं थोरल्याने घरमालकाला कळवून टाकलं. मग वाटप झालं. आरशाचं कपाट वहिनीला, झुलती खुर्ची धाकटीला, भिंतीवरचं घड्याळ थोरल्याला. मधल्याच्या वाट्याला आत्या आली.

"तुझ्याकडे मागची खोली रिकामीच असते," थोरला म्हणाला होता. "आणि तू एकटाच. तुलाही सोबत."

"ठीकच आहे," मधला म्हणाला होता.

घरी जाऊन त्याने काय केलं हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. बायको गेल्यापासून त्या खोलीत फुटक्या फ्रेमा आणि जुन्या जाहिराती साठल्या होत्या. त्या त्याने काढून टाकल्या. भिंतींना स्वतःच्या हाताने रंग दिला. पडदे आणले, ते आवडेनात म्हणून बदलून आणले. वाचायचा दिवा आणला आणि तो उजवीकडे ठेवावा की डावीकडे ह्याचा दोन दिवस विचार केला. रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की त्या खोलीच्या दारात उभं राहायचं, एवढंच त्याचं काम होतं. त्याला फार बरं वाटत होतं. लाज वाटावी इतकं बरं वाटत होतं.

शेवटी वहिनी उतरली आणि व्हॅन निघाली.

चौघांनाही गाडी आत्यानेच शिकवली होती, त्यामुळे चौघेही एकमेकांना चुका दाखवण्यात पटाईत होते. थोरला चालवत होता आणि बाकीचे तिघे पाय दाबून बसले होते.

"आरसा बघा," वहिनी म्हणाली.

"बघतोय."

"तोंड बघताय. आत्याबाई म्हणायच्या, आरसा मागचं बघायला असतो, केस बघायला नाही."

"केस राहिलेत कुठे आता दादाला," धाकटी म्हणाली, आणि थोरल्याने आरसा झटकन सरळ केला.

आत्याची शिकवण्याची गाडी सगळ्यांच्या लक्षात होती. तिला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक शेजारी बसलेल्या आत्याच्या. थोरला पंधरवड्यात शिकला. मधल्याला मात्र पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा लागला. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करायची म्हटलं की ती हमखास बंद पडायची. मागून भोंगे वाजायचे. आत्या ढिम्म. म्हणायची, "मागचे वाजवतील. त्यांना तेवढंच येतं. तू सोड क्लच." तिने चढावर आपला ब्रेक एकदाही दाबला नाही. भीती वाटायची ती मधल्याला. ती आपली बाहेर बघत बसायची.

आत्याचं घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाजूला पत्र्याची शेड. पुढच्या खोलीत शिकवणीचं टेबल होतं. त्यावर चुन्याने रस्ते काढलेले आणि वर पत्र्याच्या छोट्या गाड्या. धाकटीने त्या एका फटक्यात खोक्यात सारल्या. कोणाला आधी जाऊ द्यायचं ह्यावर त्या टेबलाशी किती भांडणं झाली होती, ते मधल्याला आठवलं. त्याने एक लाल गाडी हळूच खिशात टाकली.

भंगारवाला टेम्पो घेऊन हजर होता. थोरल्याने त्याला दारातच सांगितलं, "हे बघा, सगळं एका फेरीत. आम्हाला संध्याकाळी आवरतं घ्यायचंय."

टेबल गेलं. कपाट व्हॅनमध्ये चढलं आणि कपाटाने वहिनीच्या बसायची जागा खाल्ली. झुलती खुर्ची टपावर बांधायची होती. ती कोणाच्या गाठीने राहील ह्यावर वाद झाला, आणि सगळ्यांच्या गाठी मारून झाल्यावर ती कोणत्याच गाठीने राहीना. पलंग मात्र कोणालाच नको होता. जुना, लोखंडी, जड. चार जणांनी तो उचलून टेम्पोत टाकला तेव्हा त्याची एक तार किंचाळली.

"साहेब, हा पण?" भंगारवाल्याने विचारलं.

"हा पण," थोरला म्हणाला.

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला आणि मधल्याचा फोन वाजला. आत्या.

"आवरलं का रे?"

"होत आलंय आत्या." मधला म्हणाला. "तू कशी आहेस?"

"मला काय धाड भरलीय. पडदे धुतलेस?"

"पडदे... काढलेत."

"बरं केलंस. आणि तो पलंग खिडकीशी ओढून घ्या. मला उठताना धरायला गज हवेत."

मधला रिकाम्या खोलीत उभा होता. खिडकीला गज होते. पलंगाच्या पायांचे चार डाग जमिनीवर होते.

"पलंग, आत्या?"

"मग झोपू कुठे मी? टेबलावर?" आत्या म्हणाली, आणि पलीकडे कोणालातरी म्हणाली, "गिअर बदल रे, किती रडवतोस गाडीला." मग पुन्हा फोनवर, "सोडलं मला सकाळीच. माझाच एक जुना विद्यार्थी आणतोय. टॅक्सी चालवतो, पण अजून दुसऱ्या गिअरलाच चिकटून असतो. अंधाराच्या आत पोचतो. तोवर आवरून ठेवा. भिंतीवर जळमटं असतील, वरती हात फिरवा. मला वाकवत नाही, वर हातही पोचत नाही. बाकी छान आहे सगळं."

फोन बंद झाला. मधल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चूक इतकी साधी होती की ती चौघांनी मिळून करावी लागली ह्याचंच त्याला नवल वाटलं. आवरा म्हणजे झाडून-पुसून नीट लावा. जगात कोणीही हेच समजलं असतं. फक्त त्यांच्याच घरात 'आवरा' म्हटल्यावर लोकांनी घर मोडायला घेतलं होतं. कारण मोडायचं सगळ्यांच्या मनात होतं आणि सुरुवात आत्याने केली तर बरी, असंही सगळ्यांच्या मनात होतं.

त्याने बाहेर येऊन सांगितलं. थोरला व्हॅनच्या पायरीवर बसला, आणि बसल्याबरोबर ती बैठक झाली.

"हे बघा," तो म्हणाला. "झालं ते झालं. शब्द ऐकण्यात गडबड झाली असेल, पण निर्णय चुकीचा नाहीये. ती ह्या वयात एकटी राहणार, पुन्हा पडणार, पुन्हा रात्री-अपरात्री धावायचं कोणी? आल्यावर समजावून सांगू. मालक येईल, किल्ली देऊ, आणि तिला थेट ह्याच्याकडे नेऊ. खोली तयार आहे. आहे ना रे?"

"आहे," मधला म्हणाला.

"झालं तर मग."

"म्हणजे त्या येणार आणि दारात उभ्या राहून रिकामं घर बघणार?" वहिनी म्हणाली. "वॉकर धरून?"

"अगं, तूच म्हणालीस ना कपाट हवं म्हणून?"

"कपाट हवं म्हणाले. माणूस बेघर करा म्हणाले नाही."

"ताणू नका," धाकटी म्हणाली. "दादाचं अगदीच चूक नाही. पण वहिनीचंही बरोबर आहे."

"मधल्यासारखं बोलू नकोस," थोरला तिला म्हणाला, आणि मग मधल्याकडे वळला. "तूच सांग. तुझ्याकडे यायचीय ती. तिचं भलं कशात आहे? इथे, की तुझ्याकडे?"

हे बरं, की हे बरं. मधल्याच्या डोळ्यांपुढे रंगवलेली खोली आली. उजवीकडचा दिवा आला. 'दोन्ही ठीकच आहेत' म्हणायचा अवकाश, थोरल्याने उरलेलं सगळं केलं असतं. आत्या थोडी रागावली असती, मग आली असती. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर घरात कोणीतरी 'आलास का' म्हणणारं असतं. त्याला ते फार हवं होतं.

"मी पलंग घेऊन येतो," तो म्हणाला.

व्हॅन कपाटाने तुंबली होती आणि टपावर खुर्ची अर्धवट बांधलेली. राहिली शेडमधली आत्याची गाडी. तिची किल्ली कायम तिथेच खिळ्याला असायची. मधला आत बसला. किल्ली फिरवली. बॅटरी मेलेली.

"बघ," थोरला मागोमाग येऊन शेजारच्या सीटवर बसत म्हणाला. "गाडीसुद्धा तेच सांगतेय. उतर, शांतपणे बोलू."

तेवढ्यात गाडी हलली. मधल्याने आरसा बघितला. मागे वहिनी साडीचा पदर खोचून गाडीला खांदा लावून उभी होती, आणि हो-ना करत धाकटीही टेकली होती.

"अगं, तू काय करतेयस?" थोरल्याने खिडकीतून विचारलं.

"आवरतेय," वहिनी म्हणाली. "भाऊजी, दुसऱ्या गिअरला टाका."

उतार लागला, इंजिनाने दोन ठसके दिले आणि गाडी सुरू झाली. थोरला आतच राहिला.

मग जे झालं ते कळायला मधल्याला दोन वळणं जावी लागली. गाडी जरा वेग घेतेय असं वाटलं की तिला आचका बसायचा. त्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. नेहमी तसंच वाटायचं. मग त्याने खाली बघितलं. थोरल्याच्या पायाखाली आत्याचा ब्रेक होता आणि थोरला तो मनापासून दाबत होता.

"समोर सायकल आहे," थोरला म्हणाला.

"दिसतेय."

"मालकाला शब्द दिलाय मी. माझ्या शब्दाला काही किंमत?" आचका. "तुला जमत नाही, दे माझ्याकडे."

पाण्याच्या टाकीपाशी चढ आला आणि चढावरच समोरची बस थांबली. मधल्यालाही थांबावं लागलं. मागून भोंगे सुरू झाले. बस निघाली. त्याने क्लच हळूहळू सोडायला घेतला, इंजिन जड झालं, गाडीचं नाक उचललं, आणि तिथेच अडलं. गाडी थरथरायला लागली. इथे बंद पडली तर ढकलायला वहिनी नव्हती.

"दादा," मधला म्हणाला. "पाय काढ."

"अरे, मागे जाईल ती."

"नाही जाणार. पाय काढ तुझा."

त्याने आवाज चढवला नव्हता. पण ह्या स्वरात तो आजवर कोणाशी बोलला नव्हता, गिऱ्हाइकाशी नाही आणि थोरल्याशी तर नाहीच. थोरल्याने त्याच्याकडे बघितलं, जणू कोणी अनोळखी माणूस चुकून आपल्या गाडीत बसलाय. मग त्याने पाय काढला आणि दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घालून बसला. ह्या वयात आणि एवढ्याशा जागेत ते त्याला कसं जमलं हे त्यालाच माहीत. गाडी सुरळीत चढ चढून गेली.

भंगारवाल्याच्या आवारात पलंग अजून टेम्पोतच होता, टेबल मात्र मोडलेलं. पलंग परत मागितल्यावर भंगारवाला म्हणाला, "साहेब, न्यायला सांगितलं तेही तुम्हीच, परत मागताय तेही तुम्हीच. एकदा काय ते ठरवा ना."

"ठरलंय," मधला म्हणाला, आणि टेम्पो तसाच उलटा घराकडे वळवायला लावला. थोरला मांडी घालून गाडीतच बसला होता.

आत्या आली तेव्हा दिवे लागायचे होते. वॉकर टेकत टेकत आत शिरली. जुना विद्यार्थी मागे पिशव्या घेऊन. पलंग खिडकीशी होता. आरशाचं कपाट उलट्या बाजूला लागलं होतं, त्यामुळे दार उघडलं की आधी आपलंच तोंड दिसायचं. झुलत्या खुर्चीच्या एका पायाला अजून धाकटीची गाठ होती. घड्याळ थोरल्याने पिशवीतून काढून लावलं ते बंद पडलेलं. टेबलाच्या जागी चुन्याचे कण पडले होते.

आत्याने सगळीकडे नजर फिरवली. आरसे बघायची सवय, तिच्या नजरेतून मागचंसुद्धा सुटत नसे.

"टेबल?"

मग थोरल्याने घसा साफ केला. सुरुवातीपासून सांगितलं, बऱ्यापैकी खरं सांगितलं. आत्या पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती.

"आवरा म्हटलं होतं मी," ती शेवटी म्हणाली. "आवरतं घ्या नव्हतं म्हटलं."

"आत्या, तुझ्या काळजीनेच—"

"माहितीय. काळजीत तू ब्रेक फार दाबतोस." दारात घरमालक येऊन उभा होता, त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "किल्लीसाठी आलात? कोणाकडे आहे रे किल्ली?"

ती मधल्याच्या खिशात होती. त्याने हात घातला तर आधी लाल पत्र्याची गाडी हाताला लागली, मग किल्ली. दोन्ही त्याने आत्याच्या हातावर ठेवल्या. तिने मूठ मिटली तसा घरमालक "बरंय तर" म्हणून गेला. थोरला खिडकीबाहेर बघत होता.

निघायची वेळ झाली. मधला शेवटची खोकी उघडून भांडी जागेवर लावत होता. आत्या पलंगावरून बघत होती.

"तुझ्याकडे ठेवणार होते म्हणे मला."

"हो."

"मागच्या खोलीत? त्या उकिरड्यात?"

"आवरलीय ती." त्याने पातेल्यात पातेलं बसवलं. "रंग दिलाय. पडदे लावलेत. वाचायला दिवा आणलाय, तो उजवीकडे ठेवलाय. तू डावखुरी आहेस हे नंतर लक्षात आलं."

लाल गाडी पलंगाच्या चादरीवर आत्याने थोडी पुढे नेली, थोडी मागे घेतली. मधला पाठमोरा होता, कारण त्याचे डोळे भरले होते आणि चष्म्याच्या आडून ते जास्तच मोठे दिसतात हे त्याला धंद्यामुळे माहीत होतं. जे बरं होतं ते त्याने केलं होतं. आता रंगवलेल्या खोलीत परत जायचं होतं.

"दिवा डावीकडे घे," आत्या म्हणाली. "आणि परत पसारा घालू नकोस तिथे. हा पाय चालायला लागला नीट, की येऊन बघते."

बाहेर व्हॅन सुरू झाली. थोरल्याने भोंगा वाजवला, मग पुन्हा वाजवला, आणि खिडकीतून ओरडून विचारलं, "आवरलं का रे?"

"आवरतोय," मधल्याने आतून उत्तर दिलं. त्याने हात पुसले, झुलती खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि तो बसला.